जिम बीम व्हाइट: गुऱ्हाळाची आठवण देणारी बर्बन

पावसाची झड लागलेली, रंकाळ्याजवळ दोस्ताच्या गच्चीवर पत्र्याखाली बसलो आणि बाटली उघडली. पहिला घोट नुसताच, पाणी नाही, बर्फ नाही. ग्लास नाकाशी नेला आणि थेट गुऱ्हाळात पोचलो! काहिलीतली गरम काकवी, मागून व्हॅनिला, थोडं ओलं लाकूड. बर्बन म्हणजे अमेरिकन व्हिस्की, तिला निदान ५१ टक्के मका लागतो आणि ती आतून जाळलेल्या नव्या कोऱ्या ओकच्या पिंपात मुरते. वरून रंग घालायची परवानगीच नाही. ही जिम बीम अमेरिकेतल्या केंटकी राज्यात ४ वर्षं मुरलेली.

जिभेवर मात्र वासाइतकी भरीव नाही. मधेच कोवळ्या कणसाची चव येते, घशाला किंचित चटका बसतो आणि चव लवकर विरते. पाणी घातलं की चटका जातो, पण गूळही पातळ होतो. मला बर्फाचा एकच मोठा खडा पुरतो.

तांबड्या रश्श्यासोबत घेऊ नका, तिखटापुढे ती पार दबते. भाजलेले शेंगदाणे, नाहीतर सुक्क्या मटणाचा चरबीचा तुकडा, मग बघा. परदेशी सिंगल माल्टपेक्षा (एकाच डिस्टिलरीत नुसत्या मोड आणलेल्या जवापासून केलेली व्हिस्की) बऱ्याच कमी पैशांत एवढा वास मिळतो, म्हणून पुढची बाटलीही मी हीच आणणार.