किराणा आणायला गाडी काढताना: अंगावर काय घालायचं आणि काय सोडलं तरी चालेल

लडाखला निघालेला माणूस गिअरबद्दल, म्हणजे हेल्मेट, हातमोजे, जॅकेट अशा संरक्षक पेहरावाबद्दल, कुणाला विचारत नाही, तो सगळंच घालतो. प्रश्न पडतो तो दळण टाकायला, मुलीला क्लासला सोडायला किंवा पुण्यात वारज्याहून डेक्कनला ऑफिसला जाताना. दहा-पंधरा मिनिटांचं अंतर, वेग चाळिशीच्या आतबाहेर, वर मे महिन्याचं ऊन, आणि पोचल्यावर जॅकेट टांगायला जागा नाही. ही तुलना अशाच फेऱ्यांसाठी आहे. एका वेळी सगळं घ्यायचं नसेल तर आधी काय घ्यावं, हे ठरवायला तिचा उपयोग व्हावा.

आधी ‘एवढ्याशा अंतराला काय होतंय’ याचा निकाल लावू. अमेरिकी संशोधक हॅरी हर्ट यांच्या चमूने लॉस एंजेलिस परिसरात सुमारे ९०० मोटरसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला. १९८१ साली आलेल्या त्या अहवालानुसार बहुतेक अपघात खरेदी, मित्रांकडे जाणं अशा छोट्या कामांच्या फेऱ्यांत झाले होते, तेही निघाल्यावर थोड्याच वेळात. धडकेच्या क्षणीचा मध्यक वेग होता ताशी सुमारे ३५ किलोमीटर. मुळात छोट्या फेऱ्याच जास्त होतात, त्यामुळे त्या लांबच्या प्रवासापेक्षा धोकादायक आहेत असं यावरून म्हणता येणार नाही. पण अपघात हायवेवर शंभरच्या वेगातच होतात, ही समजूत मात्र टिकत नाही.

उभ्या गाडीवरून नुसतं आडवं पडलात तरी डोकं साधारण दीड मीटरवरून खाली येतं. रस्त्याला टेकताना त्याचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या घरात असतो. युरोपच्या ईसीई मानकात हेल्मेट सपाट पृष्ठावर सेकंदाला साडेसात मीटर, म्हणजे ताशी २७ किलोमीटर वेगाने आपटून तपासतात. थोडक्यात, हेल्मेट ज्या आघातासाठी बनवलेलं असतं तो आपल्या गल्लीतलाच आहे. ऐंशीच्या वेगात ट्रकखाली जाणाऱ्याला कुठलंही गिअर हमी देत नाही. सिग्नलजवळ खडीवरून घसरणाऱ्याला मात्र ते बरंच काही देतं, म्हणून छोट्या फेरीत ते घालण्यात जास्त अर्थ आहे.

हेल्मेट: अर्धं, फुल-फेस की फ्लिप-अप

रस्त्याकडेला मिळणारी टोपीसारखी हेल्मेट या तुलनेत धरलेलीच नाहीत. ती पावती वाचवण्यापुरती असतात, आणि आता तेही खरं नाही. १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्हाविना, म्हणजे आयएस ४१५१ या मानकात न बसणारं दुचाकीचं हेल्मेट विकणं बेकायदा आहे.

अर्ध्या, म्हणजे चेहरा उघडा ठेवणाऱ्या आयएसआय हेल्मेटचे फायदे खरेच आहेत. वारा लागतो, चष्मा काढावा लागत नाही, भाजीवाल्याशी हेल्मेट न काढता बोलता येतं. किंमत साधारण आठशे ते दीड हजार. उणीव एकच, पण मोठी: हनुवटी. जर्मनीतले अपघात-संशोधक डिटमार ओटे यांनी हेल्मेटवर आघात कुठे बसतात याची नोंद केली, तेव्हा जवळपास एक तृतीयांश आघात हनुवटीच्या पट्ट्यात निघाले. अर्ध्या हेल्मेटमध्ये त्या जागी काहीच नसतं. दात आणि जबडा यांच्या दुरुस्तीचा खर्च दंतवैद्याला विचारून पाहा, मग दोन हेल्मेटांच्या किमतीतला फरक किती वाटतो ते बघा.

फुल-फेस, म्हणजे हनुवटीसकट सगळा चेहरा झाकणारं हेल्मेट, साधारण बाराशेपासून मिळतं. तक्रार उकाड्याची, आणि ती रास्त आहे. मात्र उकडतं ते सिग्नलला उभं असताना, तेव्हा काच वर करता येते. घेताना कपाळावरच्या आणि हनुवटीच्या झडपा बोटाने उघडून पाहा. कित्येक स्वस्त हेल्मेटांत त्या शोभेच्याच असतात, आतल्या थर्माकोलला भोकच नसतं.

फ्लिप-अपमध्ये हनुवटीचा भाग वर उचलता येतो. हे दोन-अडीचशे ग्रॅमने जड आणि थोडं महाग. पण चष्मा लावणाऱ्यांना, आणि एका फेरीत चार दुकानं करणाऱ्यांना, मी हेच सुचवेन. अट एकच: गाडी चालताना हनुवटी खाली आणि खटका बसलेला हवा. ती वर ठेवून गाडी हाणणारे रोज दिसतात. त्यांनी अर्ध्या हेल्मेटसाठी फ्लिप-अपचे पैसे मोजलेले असतात.

ईसीई २२.०६ या नव्या मानकात तिरक्या आघाताने डोक्याला बसणारा पीळही तपासतात. बजेट साडेतीन-चार हजारांपर्यंत जात असेल तर ते लेबल शोधा. नसेल तर चांगल्या मापाचं आयएसआय फुल-फेस घ्या आणि निर्धास्त राहा. मापाचं महत्त्व लेबलापेक्षा जास्त आहे. नवं हेल्मेट गालांना दाबायलाच हवं, आणि पट्टा लावून मागून उचललं तर निघता कामा नये. केस बिघडतात म्हणून एक साइझ मोठं घेणं, हा आपल्याकडचा सर्वांत जुना घोटाळा. पुण्यात त्यात स्कार्फची भर पडते. जाड स्कार्फ गुंडाळून वर हेल्मेट घातलं की ते गाठीवर तरंगतं. धूळ-उन्हासाठी पातळ बालाक्लावा (डोकं-चेहरा झाकणारी घट्ट कापडी टोपी) बरा, डोक्यावर त्याचा थर जाणवतही नाही.

पट्ट्याचंही बघा. जुन्या पद्धतीच्या दोन कड्यांचा पट्टा पक्का, पण लावायला वेळ खातो. दातेरी पट्टीचा क्लिप एका हाताने लागतो. ट्रॅकवर कडी ठीक आहे, दूध आणायला जाताना क्लिपच घ्या, कारण छोट्या फेरीत लोक हेल्मेट घालतात आणि पट्टा सोडून देतात. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ हेल्मेट डोक्याला पट्ट्याने घट्ट बांधलेलं हवं असंच सांगतं. कलम १९४-ड प्रमाणे ते नसल्यास हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबित होऊ शकतं.

हातमोजे की जॅकेट

पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर बहुतेक जण जॅकेट घेतात, कारण ते दिसतं. मी हातमोजे म्हणेन.

पडताना माणूस हात पुढे करतो, ते कुणाला शिकवावं लागत नाही. तळवा सोलवटला की पंधरा दिवस जेवण, अंघोळ, की-बोर्ड सगळं दुसऱ्याच्या भरवशावर. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा भागात लिझ डी रोम आणि सहकाऱ्यांनी अपघात झालेल्या रायडर्सचा अभ्यास केला आणि तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मोटरसायकलचे हातमोजे घातलेल्यांना रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याची शक्यता न घातलेल्यांच्या निम्म्याहूनही कमी निघाली. जॅकेटमुळे ती सुमारे एक पंचमांशाने घटली. त्याच अभ्यासात चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त हातमोजे, जॅकेट आणि पँट अपघातात फाटून निकामी झाल्याचंही दिसलं, तेव्हा ‘रायडिंग’ असं छापलंय एवढ्यावर विसंबू नका.

उन्हासाठी मिळणारे सुती मोजे यात मोजू नका, रस्त्यावर ते टिकत नाहीत. हवं ते असं: तळव्याला चामडं, तळव्याच्या मनगटाकडच्या बाजूला प्लास्टिकची घसरपट्टी, आणि मनगटाला आवळणारा पट्टा. नुसत्या सैल इलॅस्टिकचे मोजे पडताना हातातून निघून जातात. बोटांच्या गाठींवर कडक कवच दिसायला झकास, पण तळव्यापुढे दुय्यम. दीड-दोन हजारांत शहरी वापराचे आखूड, जाळीचे मोजे येतात. घालायला दहा सेकंद, ठेवायला हेल्मेटच्या आत जागा. छोट्या फेरीसाठी याहून सोयीचं गिअर नाही.

जॅकेटचं गणित जास्त किचकट आहे. पाच ते नऊ हजारांचं जाळीचं जॅकेट वारं आत घेतं, त्यामुळे चालत्या गाडीवर तितकं उकडत नाही. खांदे आणि कोपरांत सीई (युरोपचं सुरक्षा-चिन्ह) प्रमाणित पॅड असतात. या पॅडचे दोन स्तर: ठरावीक आघातात पहिल्या स्तराचं पॅड सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत बल पलीकडे जाऊ देतं, दुसरं २० पर्यंत. पाठीला मात्र बऱ्याच जॅकेटांत फोमचा तुकडाच असतो, दुकानात चेन उघडून हात घालून बघा.

पर्याय म्हणून अंगालगत बसणारा आर्मरचा, म्हणजे आत पॅड असलेला, शर्ट मिळतो, त्यावर ऑफिसचा शर्ट घालता येतो. कल्पना चांगली, पण पोचल्यावर बाथरूममध्ये जाऊन तो काढावा लागतो, म्हणून तो कपाटातच राहतो. डेनिमचं जॅकेट हा तिसरा मार्ग. साधं सुती डेनिम डांबरावर सेकंदाच्या आतच विरतं, आणि चाळिशीच्या वेगात घसरलेला माणूस ढोबळमानाने दहा मीटर फरपटत जातो. उघड्या हातांपेक्षा बरं, एवढंच त्याच्याबद्दल म्हणता येईल. रेनकोट तर गणतीतच नाही.

रोजचा प्रवास पाच किलोमीटरच्या पुढे असेल आणि ऑफिसात खुर्चीच्या पाठीवर टांगायची सोय असेल, तर जॅकेट घ्या. नाक्यापर्यंतच्या फेऱ्यांसाठी घेतलं तर दोन आठवड्यांत ते खुंटीवर जाईल. पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट आणि हातमोजे ही जोडी मी त्यावर पसंत करेन, कारण ती रोज घातली जाते.

पायात काय

चप्पल नको, यावर वाद नसावा. पडल्यावर गाडी पायावर येते, आणि गिअर लीव्हरखाली अंगठा सापडतो. कॅनव्हासचे बूट खरचटणं थोडं थोपवतात, घोट्याला काही देत नाहीत. खरा मुकाबला आहे घोट्यावर जाणारे साधे चामडी बूट विरुद्ध चार-पाच हजारांचे रायडिंग बूट. शहरात मी पहिल्यांच्या बाजूने आहे. वर सांगितलेल्या ऑस्ट्रेलियन अभ्यासातही रायडिंगचे नसलेल्या साध्या उंच बुटांनी आखूड शूज आणि जॉगर्सच्या तुलनेत इजा कमी केल्याचं दिसलं. अनेकांकडे असे सेफ्टी शूज किंवा ट्रेकिंगचे बूट पडलेलेच असतात. नाड्या आत खोचा, नाहीतर त्या पाय ठेवायच्या फुटपेगमध्ये अडकतात.

पँट आणि गुडघ्याचे पॅड छोट्या फेरीसाठी मी यादीच्या शेवटी ठेवतो. काम ते करतात, पण नाक्यापर्यंत जायला कोणी ते चढवत नाही. साडी किंवा ओढणीचं मात्र आधी बघा: पदर आणि ओढणी खोचून बसायचं, आणि मोटरसायकलला साडीगार्ड हवाच.

पैसे हातात असतील त्याप्रमाणे

तीन हजारांत: मापाचं फुल-फेस आणि हातमोजे, बूट घरातलेच. सहा-सात हजारांत हेल्मेट २२.०६ चं किंवा चांगलं फ्लिप-अप घ्या, हातमोजे तेच ठेवा आणि उरलेल्या पैशांत घोट्यावरचे बूट बघा. जॅकेट त्यानंतर. जुनं, आपटलेलं हेल्मेट मित्राकडून स्वस्तात घेऊ नका. आतलं थर्माकोल एकदाच दबतं आणि बाहेरून ते दिसत नाही.

आणि मागे बसणाऱ्याचं काय? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या आकडेवारीत हेल्मेट नसताना मृत्यू पावलेल्या ५०,०२९ जणांपैकी १४,३३७ मागे बसलेले होते. त्यामुळे स्वतःसाठी महागडं फुल-फेस आणि बायकोसाठी डिकीतलं जुनं टोपी हेल्मेट, अशी वाटणी करण्यापेक्षा दोन मध्यम किमतीची फुल-फेस घ्या. चार वर्षांवरच्या मुलांना हेल्मेट बंधनकारक आहेच. त्याहून लहान मुलांसाठी, नऊ महिन्यांपासून पुढे, १५ फेब्रुवारी २०२३ पासून हेल्मेट आणि चालकाला बांधणारा पट्टा, शिवाय ताशी ४० ची मर्यादा हा नियम आहे. मुलाचं हेल्मेट घ्यायला जाताना मुलाला दुकानात सोबत न्या आणि भुवयांच्या वरून डोक्याचा घेर शिंप्याच्या टेपने मोजा. ‘पुढच्या वर्षीही चालेल’ असं माप दुकानदाराने पुढे केलं तर ते परत द्या.