रेझोमर आरजी ५०३ एच : सहा महिन्यांच्या वापरानंतर

कोल्हापुरातल्या आमच्या फार्मसी कॉलेजच्या लॅबमध्ये मी पीएच.डी.साठी डॉक्सीसायक्लिन हायक्लेट या प्रतिजैविकाचे मायक्रोस्फिअर्स, म्हणजे औषध भरलेले पॉलिमरचे बारीक गोल कण, करते. रेझोमर आरजी ५०३ एच हे त्यासाठीचं पॉलिमर. हिरडी आणि दात यांच्यामधल्या खाचेत ते ठेवायचे, औषध तिथंच हळूहळू सुटत राहतं आणि पॉलिमरचं शेवटी लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्ल होऊन जातं. अमेरिकेत २००१ पासून मिनोसायक्लिनचं असंच उत्पादन, अरेस्टिन, वापरात आहे. त्यातही आमच्यासारखंच पीएलजीए, म्हणजे लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांपासूनचं पॉलिमर, आहे.

आधी आम्ही एका स्थानिक पुरवठादाराकडून पॉलिमर घेतलं होतं. लेबलवर नुसतं ‘पीएलजीए ५०:५०’. रेणुभार (पॉलिमरच्या साखळ्या किती मोठ्या, ते) नाही, साखळीच्या टोकाला आम्ल मोकळं आहे की एस्टरनं झाकलेलं, तेही नाही. दुसरी बाटली आली आणि त्याच कृतीनं केलेल्या बॅचमधल्या कणांचा आकारच बदलला. दोन महिने मी स्वतःचा हात तपासत बसले.

मग मॅडमनी एव्हॉनिक कंपनीचं रेझोमर मागवलं. आरजी ५०३ एच म्हणजे लॅक्टाइड आणि ग्लायकोलाइड ५०:५०, रेणुभार २४,००० ते ३८,०००, आणि ‘एच’ म्हणजे टोकाला मोकळं आम्ल. त्यामुळे ते पाणी लवकर ओढतं आणि एस्टर टोकाच्या ग्रेडपेक्षा लवकर तुटतं. डायक्लोरोमिथेनमध्ये टाकलं की स्वच्छ, पारदर्शक द्रावण होतं, तळाला काही उरत नाही.

पॉलिमर स्थिर झालं आणि बाकीच्या गोष्टी बोलायला लागल्या. आमचं औषध पिवळं आणि पाण्यात सहज विरघळणारं. डबल इमल्शन करताना, म्हणजे औषधाच्या पाण्याचे थेंब पॉलिमरच्या द्रावणात आणि ते मिश्रण पुन्हा पाण्यात घुसळताना, औषध बाहेरच्या पीव्हीएच्या (थेंब एकत्र होऊ न देणाऱ्या पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या) द्रावणात पळालं की बीकरच सांगतो, पाणी पिवळं होत जातं. पहिल्या बॅचला बीकरवरचं फॉइल काढून पाहिलं तर लिंबू सरबतासारखा रंग. बाहेरच्या द्रावणात सोडियम क्लोराइड घातलं, पॉलिमरचं प्रमाण वाढवलं, तसा रंग फिका होत गेला. पॉलिमर वाढवलं की द्रावण घट्ट होतं आणि कण मोठे होतात, मग होमोजिनायझरचा (जोरात घुसळणाऱ्या यंत्राचा) वेग वाढवावा लागतो. या ओढाताणीसाठीच तीन घटकांचं बॉक्स-बेनकेन डिझाइन, म्हणजे मोजक्या बॅचेसमध्ये घटकांचा एकत्र परिणाम तपासायची संख्याशास्त्रीय आखणी, घेतलं. त्यातल्या मधल्या बिंदूच्या (त्याच मधल्या प्रमाणांनी पुन्हा पुन्हा केलेल्या) बॅचेस एकमेकींशी जुळल्या, तो दिवस मला अजून आठवतो. पॉलिमर दर बाटलीला बदलत असेल तर हे गणित मांडण्यात अर्थ नाही. म्हणून ‘आधी स्वस्तातल्यावर ट्रायल, मग चांगलं’ हा सल्ला मी कुणालाही देणार नाही. तिथले आकडे इथे चालत नाहीत.

एक चूक मात्र माझी. जुलैतल्या पावसात बाटली फ्रिजमधून काढून तशीच उघडली. गार काचेवर, आतल्या पुडीवर दव धरलं आणि काही दिवसांत कडेची पूड चिकटून बसली. पाणी लागलं की हे पॉलिमर बाटलीतच तुटायला लागतं. त्या बाटलीतल्या पुढच्या बॅचेस मी मोजणीत धरल्या नाहीत. आता बाटली बंदच सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये (हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) खोलीच्या तापमानाला येऊ देते, मग ५०० मिलिग्रॅमच्या छोट्या कुप्या भरून, पॅराफिल्म लावून पुन्हा २ ते ८ अंशांत ठेवते. रोज मोठी बाटली उघडायची नाही.

किंमत जड आहे, विद्यार्थ्याच्या खिशातून तर नाहीच जमत. दोघा-तिघांनी मिळून मागवा. लॉट नंबरसह विश्लेषणाचा दाखला मागून घ्या आणि वहीत चिकटवा, थीसिसच्या वेळी तोच लागतो. औषध काही महिने सुटत राहायला हवं असेल तर हा ग्रेड घेऊ नका, ७५:२५ (लॅक्टाइड जास्त असलेलं) बघा. काही आठवड्यांचं काम असेल तर माझ्याकडून पाचपैकी साडेचार.