जिन्याखालचा संडास : आठ महिने वापरल्यावर

आमचं घर सोलापूरच्या साखर पेठेत, बोळातलं, जुन्या दगडी भिंतींचं. खाली दोन खोल्या, वर दोन, आणि संडास-बाथरूम वर. वडिलांनी वरचं बांधकाम केलं तेव्हा घरात सगळेच धडधाकट होते. आता आई ७४ वर्षांची आहे, दोन्ही गुडघे गेलेत आणि जिना १७ पायऱ्यांचा. मागच्या वर्षी मे महिन्यात तिला लघवीला जळजळ होऊन ताप आला. डॉक्टरांनी विचारलं, दिवसाला पाणी किती पिता? तर म्हणाली, "वर जावं लागतंय की, म्हणून दिवे लागल्यावर मी पाणी घेतच नाही." सोलापूरचा मे, पारा ४२-४३ वर, आणि आई जिन्याच्या धास्तीनं तहान मारून झोपायची. मला ते तेव्हा कळलं. दिवाळी उरकली आणि काम काढलं.

जागा एकच होती, जिन्याखालची. तिथं पाण्याची दोन बॅरलं आणि जुन्या चादरींचं गाठोडं असायचं. अर्ध्या विटेची भिंत बांधून आतून रुंदी मिळाली २ फूट ९ इंच, लांबी साडेचार फूट. छत म्हणजे जिन्याचाच तिरका स्लॅब : दाराशी सात फूट, मागच्या भिंतीशी पावणेचार.

हे ऐकून दोघांनी "होणार नाही" म्हणून सांगितलं. तिसरे गवंडी मामा मात्र शहाणे निघाले. त्यांनी टेप नंतर काढला, आधी खडूनं फरशीवर चौकट आखली, आत स्टूल ठेवलं आणि आईला म्हणाले, "आजी, बसा आणि उठून दाखवा." आई उठताना आधी पुढं झुकते, उजवा हात टेकायला काहीतरी शोधते आणि मग सरळ होते. तिच्या डोक्यावर स्लॅब कुठं येतो, गुडघ्यापुढं किती मोकळं राहतं, हात कुठं जातो, सगळं त्या पाच मिनिटांत कळलं. कमोडच्या मध्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत निदान १५ इंच तरी हवेत, आम्हाला साडेसोळा मिळाले. बसल्यावर आईच्या डोक्यावर पाऊण फूट मोकळं राहतं. माझी उंची ५ फूट ८ इंच, मला मात्र उठताना दोनदा कपाळाला लागलं. आता तिथं जाड फोम चिकटवलाय.

भिंतीला टांगायचा कमोड घ्यावा असं सगळे सुचवत होते. जागा वाचते, खालची फरशी पुसता येते, हे खरंच. पण आमची भिंत जुन्या दगडाची, तिच्यावर भार टाकायला मामा तयार नव्हते. लोखंडी फ्रेम उभी करून पुढं वीटकाम केलं असतं तर वाचलेले इंच तिथंच गेले असते. शिवाय टाकी भिंतीत गाडली की आतलं काही बिघडल्यावर बटणाच्या भोकातून हात घालून दुरुस्ती करायची. आपल्याकडच्या क्षारांच्या पाण्याला ते परवडत नाही. म्हणून साधा, जमिनीवर बसणारा, पी-ट्रॅपचा कमोड घेतला. पी-ट्रॅपचा पाइप मागं आडवा निघतो, त्यामुळं घरातली फरशी उकरावी लागली नाही. मागच्या भिंतीपलीकडं जिना आणखी खाली उतरतो, त्या त्रिकोणातून पाइप वळवून बोळात काढला. वळणावर डोअर बेंड, म्हणजे उघडून साफ करता येणारं वळण, टाकून घेतला आणि तिथं हात जाईल एवढी झडप ठेवली. ही झडप आत्तापर्यंत दोनदा कामाला आली.

दार दोन फुटी, पीव्हीसीचं आणि बाहेर उघडणारं. यावर मी हटून बसलो होतो. एवढ्याशा जागेत माणूस घसरून पडला तर तो दारालाच अडकतो, आणि दार आत उघडणारं असेल तर बाहेरच्याला ढकलताही येत नाही. कडी अशी घेतली की बाहेरून नाण्यानं फिरवता येते.

आता त्रासाचं सांगतो. पहिल्या प्लंबरनं चेंबरपर्यंतच्या १४ फुटांत जेमतेम इंचभर ढाळ दिला. पंधरा दिवसांत पाणी तुंबून हळूहळू उतरायला लागलं. चार इंची पाइपला दहा फुटाला तीन इंच उतार धरतात, म्हणजे आम्हाला सव्वाचार इंच हवे होते. दुसऱ्या प्लंबरनं पाण्याची लेव्हल नळी लावून दाखवलं तेव्हा फरक डोळ्यांना दिसला. बोळातला पाइप काढून पुन्हा टाकला. तुम्ही करणार असाल तर पाइप झाकायच्या आधी लेव्हल स्वतः उभं राहून बघा.

दुसरा त्रास वासाचा. वर कुणी फ्लश सोडला की खालच्या कमोडमध्ये गडगड व्हायचं आणि थोड्या वेळानं वास यायचा. वरची आणि खालची लाइन एकच, हवेला वाट नाही. वरून पाणी जोरात उतरताना मागची हवा ओढायचं आणि त्याबरोबर कमोडमधलं साचलेलं पाणी खेचून न्यायचं. वास अडवतं ते तेच पाणी. गच्चीच्या वर जाईल असा हवेचा पाइप जोडला, तोंडाला मच्छरजाळी बांधली, गडगड त्याच दिवशी थांबली. पण एप्रिलमध्ये वास परत आला. या खेपेला कारण नहाणी ट्रॅप होता, म्हणजे फरशीवरचं पाणी जायची जाळी आणि तिच्याखालचा पाणी साठून वास अडवणारा भाग. खाली आंघोळ नसल्यानं त्यात पाणी फारसं जात नाही आणि आपल्या उन्हाळ्यात आहे ते आटून जातं. आता एक दिवसाआड तांब्याभर पाणी ओततो, बास.

पाण्याचं गणित आधीच मांडलं होतं. नळ चार-पाच दिवसांआड, मधले दिवस बोअर. फ्लश ३ आणि ६ लिटरचा, दोन बटणांचा. आई दिवसातून सातेक वेळा जाते, म्हणजे रोजचे २७ लिटरच्या आसपास. पाच दिवसांचे १३५, दोनशे लिटरच्या बॅरलाचा दोन-तृतीयांश भाग. म्हणून हलवलेल्या बॅरलांसोबत तिसरं घेतलं. बोअरचं पाणी जड. तिसऱ्या महिन्यात फ्लशमधून बारीक धार लागली, रात्रीतून वरच्या टाकीची पातळी उतरली. टाकीचं झाकण काढलं तर खालच्या रबरी वायसरवर चुन्यासारखा पांढरा थर, नखानं खरवडला तर पापुद्रे निघत होते. लिंबूसत्वाच्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवला, पुसून बसवला, धार बंद. जेट स्प्रेची चाळणीही अशीच बुडवतो. ॲसिड मात्र मी वापरत नाही, त्यानं नळांची चकाकी जाते आणि एवढ्या कोंडलेल्या जागेत त्याची वाफ आईला सोसत नाही.

खरी परीक्षा गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत झाली. संक्रांतीला नंदीध्वज बघायला गावाकडून पाहुणे आले, चार दिवस घरात अकरा माणसं. एकदाही तुंबला नाही. सहा इंची एक्झॉस्ट पंखा त्या दिवसांत सकाळभर चालू होता. त्याच्याशिवाय या जागेत दहा मिनिटं बसवत नाही, विशेषतः उन्हाळ्यात.

सगळा खर्च ४२,००० च्या घरात गेला, पाइप दुसऱ्यांदा टाकला तो धरून. बेसिन आत बसलं नाही, हात धुवायला बाहेर मोरीत यावं लागतं, ही कमतरता आहेच. पुढंमागं आईला वॉकर लागला तर तोही दोन फुटी दारातून आत जाणार नाही. हे आईशी बोलूनच ठरवलंय.

पण यंदाच्या मेमध्ये तिला तो त्रास झाला नाही. रात्री उशाशी तांब्या असतो आणि सकाळी तो रिकामा असतो.

राहिलंय ते हाताच्या दांड्याचं. उजवीकडचा दगडी भिंतीत पक्का बसलाय. डावीकडची भिंत अर्ध्या विटेची, तिथला दांडा गिट्टीसकट (स्क्रू पकडणाऱ्या प्लगसकट) सैल झाला, आईनं भार टाकला तेव्हा हलला. नशीब, तेव्हा उजव्या हातानं तिनं उजवीकडचा दांडा धरलेला होता. अशा भिंतीला आरपार बोल्ट आणि पलीकडून लोखंडी पट्टी लागते. पट्टी कापून आणलीय, रविवारी मामा येणार आहेत.