हाड लॅबमध्ये वाढवून देतो म्हणाले, आणि भावाच्या पायाचे चार महिने गेले

अपघातानंतर ज्यांच्या हाडात मोठी मोकळी जागा राहिली आहे, डॉक्टर ज्याला ‘बोन गॅप’ म्हणतात, त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहिते आहे. आमचे 2 लाख 60 हजार रुपये गेले. आईचं गंठण मोडलं, उरलेलं पतसंस्थेतून उचललं. पण पैशापेक्षा मोठं नुकसान पायाचं झालं, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

माझा धाकटा भाऊ टेम्पो चालवतो. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत चादरींचा माल पोचवून मोहोळकडून परत येताना अपघात झाला. नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं, जखमेत माती गेली होती. सिव्हिलमध्ये जखम धुऊन बाहेरून सळ्या लावल्या, तरी पू थांबेना. शेवटी मेलेलं हाड कापून काढावं लागलं आणि मध्ये 5 सेंटीमीटर जागा रिकामी राहिली. एवढी जागा आपोआप भरत नाही. डॉक्टर म्हणाले, पायाभोवती बाहेरून रिंग लावू, महात्मा फुले योजनेत बसवता येईल, पण वर्षभर धीर धरावा लागेल. वर्षभर हा शब्द ऐकून आई मटकन खालीच बसली.

त्याच संध्याकाळी चहाच्या गाड्यावर एक माणूस आमच्याजवळ आला. भावाचं नाव, वॉर्ड, गॅप किती, सगळं त्याला ठाऊक होतं. हे याला कुणी सांगितलं, असा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. पडायला हवा होता.

“आक्का, आता कशाला त्या रिंगा? पेशंटच्याच स्टेम सेल, म्हणजे नवीन हाड बनवणाऱ्या मूळ पेशी, काढायच्या, लॅबमध्ये हाड वाढवायचं आणि गॅपमध्ये बसवायचं. तीन महिन्यांत पोरगं चालतंय बघा.”

त्याच्या फाईलमध्ये इटलीतल्या डॉक्टरांचा 2001 सालचा लेख होता. तो लेख खरा आहे. तीन रुग्णांच्या अस्थिमज्जेतल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून, हाडातल्याच खनिजासारख्या सच्छिद्र सांगाड्यावर पेरून त्यांनी मोठे गॅप भरले होते. आम्ही त्या खऱ्या लेखावर विश्वास ठेवला आणि पैसे मात्र या माणसाच्या हातात दिले. लेखातल्या कामाचा आणि त्याच्या सेंटरचा काडीचा संबंध नव्हता.

सेंटरवर पहिले 80 हजार भरले. सकाळी दहाला भावाच्या दंडातून रक्त काढलं, एका मशीनमध्ये फिरवलं आणि साडेअकराला पिवळसर पाणी इंजेक्शनने नडगीत सोडलं. “हाडाच्या पेशी सोडल्या” असं सांगितलं. असं तीन वेळा झालं. पावतीवर ‘संशोधन निधी’ एवढंच लिहिलेलं. डॉक्टरचा नोंदणी क्रमांक नाही. इंग्रजी कागदावर माझी सही घेतली, त्याची प्रत मागितली तर “पुढच्या वेळी देतो.” ती पुढची वेळ आलीच नाही.

तिसऱ्या महिन्यात त्यांनी व्हॉट्सअॅपवर एक एक्स-रे पाठवला. गॅप भरलेला दिसत होता. आईने सिद्धेश्वराला नारळ फोडला. रात्री मी तो फोटो मोठा करून पाहत बसले होते. नडगीशेजारचं बारीक हाड भावाचं त्याच अपघातात मोडून वाकडं जुळलं आहे, पहिल्या एक्स-रेपासून मी ते पाहते आहे. या फोटोत ते सरळसोट होतं. तो पाय माझ्या भावाचा नव्हताच.

दुसऱ्या दिवशी विचारलं तेव्हा “फाईल बदलली असेल” म्हणाले. आठवड्याने फोन बंद.

तोवर सळ्यांच्या भोकांतून पू यायला लागला होता आणि पाऊल खाली झुकून आखडलं होतं. पुन्हा सिव्हिलला गेलो. डॉक्टर रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी शांतपणे सगळं समजावलं. आत जंतुसंसर्ग असताना वरून काहीही सोडलं तरी हाड धरत नाही. आणखी 2 सेंटीमीटर हाड कापावं लागलं. 5 चा गॅप 7 झाला. मला सगळ्यात जास्त त्या दोन सेंटीमीटरचं वाईट वाटतं.

त्यांनी सांगितलेलं तुम्हालाही सांगते, कारण हे आधी माहीत असतं तर मी पहिल्याच दिवशी उठून आले असते. हाड तयार करणाऱ्या पेशी घ्यायच्या तर त्या बहुतेक कमरेच्या हाडातल्या मज्जेतून घेतात, आणि तिथेही त्या फार थोड्या असतात. त्या प्रयोगशाळेत वाढवायला काही आठवडे लागतात, दीड तासात ते होत नाही. आम्हाला दिलं ते रक्तातलं प्लाझ्मा होतं. मोठा तुकडा बनवण्यात खरी अडचण रक्तपुरवठ्याची आहे. केशवाहिनीपासून, म्हणजे सगळ्यात बारीक रक्तवाहिनीपासून, साधारण 0.2 मिलिमीटरच्या पलीकडे पेशी जगत नाही, मग सात सेंटीमीटरच्या तुकड्याच्या पोटात रक्त पोचवायचं कसं? जगभर यावर काम चाललं आहे, पण ते अजून वॉर्डात रोजच्या उपचारासारखं मिळत नाही.

आणि कायदा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, रक्ताच्या ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेलचे असे प्रयोग परवानगी घेतलेल्या चाचणीतच करता येतात. चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. चाचणीची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री’वर असते आणि ती कुणालाही फुकट पाहता येते. नोंदणी क्रमांक मागा. क्रमांक न देता पैसे मागणारा तुमच्या माणसाला बरं करायला आलेला नाही.

मी पोलिसांत अर्ज दिला आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारही. 5 लाखांपर्यंत दिलेल्या रकमेच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची असते. तीन पावत्या आणि तो एक्स-रेचा फोटो, एवढाच पुरावा माझ्याकडे आहे. त्या सहीच्या कागदाची प्रत हातात असती तर बरंच सोपं गेलं असतं.

भावाला आता रिंग लावली आहे. ही पद्धत सैबेरियातल्या कुर्गान गावच्या डॉक्टर इलिझारोव्ह यांची, 1950 च्या दशकातली. गुडघ्याखाली चांगलं हाड मुद्दाम कापतात, आठवडाभर थांबतात, मग तो तुकडा रोज 1 मिलिमीटर गॅपकडे सरकवतात. मागे सुटलेल्या जागेत शरीर स्वतःच नवीन हाड भरत जातं. तुकडा खालच्या हाडाला जाऊन भिडला की तिथे कमरेचं थोडं हाड लावावं लागेल, आणि नवीन हाड घट्ट होईपर्यंत अजून कित्येक महिने रिंग राहील. रोजचा तो एक मिलिमीटर चार वेळा पाव-पाव करून द्यायचा असतो. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा आणि रात्री झोपताना, पाना घेऊन नट मीच फिरवते. परवाच्या एक्स-रेत तुकड्याच्या मागे पुसट ढगासारखं काहीतरी दिसलं. डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं, हे नवीन हाड. शेजारचं वाकडं जुळलेलं हाडही मी आधी नीट पाहून घेतलं.

आज नट फिरवण्याचा 41 वा दिवस. अजून 29 मिलिमीटर बाकी आहे.