सॉफ्टनर खाल्ला जातो की नुसता चिकटतो? झान-वेलेन्स आणि ३०१ एफ

टॉवेलच्या प्रोसेसवाल्यांना सॉफ्टनर (कापड मऊ करणारं रसायन) देणाऱ्या लहान युनिटवाल्याला हा फोन कधी ना कधी येतोच. बायर एक्स्पोर्टरला विचारतो, एक्स्पोर्टर आपल्याला: "अण्णा, तुमचा माल एसटीपीत (सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात) खरंच विरघळतो ना?" विरघळतो का नव्हे, बॅक्टेरिया तो खातात का, हे त्याला विचारायचं असतं, पण रोख कळतो. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं युनिट आहे. बाहेरच्या लॅबचं बिल भरण्याआधी आपल्याच टेबलावर अंदाज घ्यावा म्हणून मी दोन चाचण्या लावून पाहिल्या: झान-वेलेन्स आणि ३०१ एफ. दोन्ही ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ठरवून दिलेल्या पद्धती, दोन्ही २८ दिवसांच्या. साम्य तिथंच संपतं.

आधी झान-वेलेन्स लावली, कारण ती स्वस्त. काचेचं भांडं, स्टरर, हवेचा पंप, आणि पाण्यातला सेंद्रिय कार्बन मोजणारं टीओसी मशीन नसलं तरी सीओडीवर (पाण्यातला माल रसायनानं जाळायला लागणाऱ्या ऑक्सिजनवर) भागतं. भांड्यात घालायचा एसटीपीतला बॅक्टेरियांचा गाळ दाट असतो, लिटरला २०० ते १००० मिलिग्रॅम सुका, त्यामुळे माल थोडा जहाल असला तरी बॅक्टेरिया तग धरतात. हा तिचा मोठा गुण आहे, तो मी नाकारत नाही. एप्रिलात भांडं रोज आटायचं. सकाळी आल्या आल्या खूण बघून डिस्टिल्ड पाणी घालायचं. मालातल्या इमल्सिफायरमुळे (तेल-पाणी एकत्र धरणाऱ्या घटकामुळे) फेस येतो, फेसाबरोबर गाळ काचेवर चढतो आणि वाळून त्याचा पापड होतो. तो रबराच्या पट्टीनं खरवडून परत आत सोडायचा. हे सगळं चालवून घेतलं.

चालवून घेता आलं नाही ते तीन तासांचं रीडिंग. सकाळी माल घातला, दुपारी गाळून सीओडी काढला, तर निम्म्याहून जास्त गायब! पहिल्यांदा मी खूश झालो, खोटं कशाला बोलू. पण तीन तासांत एवढं कुणी खात नाही. कॅटायनिक, म्हणजे धन भाराचा, सॉफ्टनर सुताला चिकटावा म्हणूनच तर आपण तो बनवतो. गाळाच्या कणांवरही ऋण भार असतो, तिथंही तो तसाच जाऊन बसतो. पद्धतीत याची सोय आहे: तीन तासांचा आकडा सुरुवातीचा धरायचा आणि टक्केवारी तिथून मोजायची. आमच्या बाबतीत पाण्यात उरलंच इतकं थोडं की पुढचे २८ दिवस आम्ही उरल्यासुरल्याचा हिशेब करत बसलो. शेवटचा आकडा कागदावर छान दिसत होता. पण मालाचा मोठा भाग गाळावर तसाच बसलाय की पचलाय, हे त्या आकड्यातून कळेना. एसटीपीतला गाळ पुढं वाळवला जातो, कधी शेतातही जातो. बायरच्या माणसानं नेमकं हेच विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

३०१ एफ पाण्यात काय उरलं ते बघतच नाही. बाटली बंद, तोंडाशी रबरी कपात सोडा लाइमचे दाणे. बॅक्टेरिया ऑक्सिजन घेतात, सोडलेला कार्बन डायऑक्साइड दाणे शोषतात, आत दाब उतरतो, तोच मोजायचा. माल पाण्यात असो की गाळाला चिकटलेला, खाल्ला गेला तरच ऑक्सिजन खर्च होतो. नीट न विरघळणाऱ्या मालालाही ती चालते. माल पूर्ण खाल्ला गेला तर किती ऑक्सिजन लागेल हे फॉर्म्युल्यावरून काढायचं, त्याच्या ६० टक्के गाठले की पास, तेही १० टक्के ओलांडल्यापासून १० दिवसांच्या आत.

ती कडक आहे, हे आधीच सांगतो. गाळ लिटरला जेमतेम ३० मिलिग्रॅम आणि माल १००, म्हणजे कॅटायनिक माल बॅक्टेरियालाच मारण्याची भीती. म्हणून एका बाटलीत माल आणि सोडियम ॲसिटेट एकत्र घालायचं. १४ दिवसांत ती २५ टक्क्यांवरही गेली नाही तर दोष मालाच्या विषारीपणाचा, आणि तो नापास शिक्का खरा मानायचा नाही. ईटीपीतला (कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रियेतला) गाळही वापरू नका, त्याला आपल्या मालाची आधीच सवय झालेली असते. मी देगावच्या एसटीपीतून आणतो.

दुसरी डोकेदुखी इन्क्युबेटर. सोलापुरात तो गरम नाही, थंड करावा लागतो. अकराव्या दिवशी दुपारी लाइट गेली, बाटल्या तापल्या आणि दाब उतरायच्या ऐवजी चढला. आलेखावर उंटाची मदार. ती बॅच मी फेकली. तेव्हापासून हे काम थंडीतच.

तुमचा माल नॉनआयनिक (भार नसलेला) वेटिंग एजंट, म्हणजे कापड पटकन भिजवणारा, असेल, पाण्यात राहणारा असेल, तर झान-वेलेन्स कदाचित तुम्हाला पुरेल. कमी खर्चात बरंच कळतं. त्यातला चांगला आकडा 'अनुकूल परिस्थितीत विघटन होऊ शकतं' एवढंच सांगतो, हे बायरला आधी सांगा म्हणजे झालं. सॉफ्टनरवाल्यांनी मात्र, माझं ऐकाल तर, ३०१ एफच्या बाटल्या घ्याव्यात. एस्टर क्वाट (साखळीत एस्टरचा सांधा असलेलं कॅटायनिक रसायन) वापरत असाल तर घाबरण्याचं फार कारणही नाही; तो सांधा तुटतो, पुढचं बॅक्टेरिया बघून घेतात. तो सांधा नसलेल्या जुन्या क्वाटवाल्यांनी जरा जपून.

यंदा जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेआधी नवा माल लावतोय. देगावला न्यायचा कॅन धुऊन ठेवलाय, इन्क्युबेटरला वेगळा इन्व्हर्टरही जोडलाय.