धबधब्याला पैकीच्या पैकी, माहितीपत्रकाला नापास

आयोजकांच्या गटाबरोबर एका धबधब्याच्या ट्रेकला गेले होते, त्याबद्दल आधी तक्रार, मग कौतुक. 'सोपा ते मध्यम, जाऊन-येऊन 11 किलोमीटर' एवढंच माहितीपत्रकात होतं. प्रत्यक्षात ओढ्याच्या पात्रातून धोंड्यांवरून जायचं, मग कातळटप्पा, त्यावर पाऊल टाकलं की खाली सरकणारा घसारा आणि शेवटी पुन्हा ओढा. किलोमीटर खरे होते हो, पण अशा वाटेवर किलोमीटर सांगून काय कळतं? चढाई साधारण 600 मीटरची. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाचा 1892 सालचा ढोबळ हिशोब आहे: 5 किलोमीटरला एक तास, वर दर 600 मीटर चढाईला आणखी एक. त्या हिशोबाने सव्वातीन तास होतात. आम्हाला आठ लागले. तो हिशोब बऱ्यापैकी वाटेसाठी आहे, धोंड्यांसाठी नाही. आयोजकांनी तास आणि वाटेचं स्वरूप लिहावं, किलोमीटर नाही लिहिले तरी चालतील.

उशीर व्हायचं दुसरं कारण म्हणजे गर्दी. 22 जण आणि लीडर दोन. कातळटप्प्यावर एका वेळी एकच जण चढणार, एकेकाला तीन मिनिटं धरली तरी तासाहून जास्त तिथेच गेला. खाली ओल्या कपड्यांत उभं राहून बाकीचे कुडकुडत होते, त्यात जीन्स घालून आलेल्या एका मुलाचे तर दात वाजायला लागले. सुती कपडा पाणी धरून ठेवतो, अंगातली ऊब खेचतो. 'जीन्स नको' ही दोन शब्दांची सूचना देता आली नसती का? बुटांबाबतही 'चांगले स्पोर्ट्स शूज' एवढंच. झिजलेल्या तळव्यांचे रनिंग शूज ओल्या शेवाळावर काय करतात ते ज्यांनी घातले होते त्यांना विचारा.

आता मुख्य लीडरबद्दल. पंचविशीतला, बोलायला कमी. मला कातळावर चढवताना खालून एवढंच म्हणाला, "काकू, हात-पाय मिळून तीन पक्के टेकले असले की मगच चौथा हलवायचा. गुडघा टेकवू नका, पाऊल ठेवा." गुडघा टेकवायची माझी फार इच्छा होती, पण गुडघ्यावरून पुढे उठताच येत नाही हे तिथे लटकल्यावर पटतं. दोर वरच्या भक्कम झाडाला बांधलेला होता आणि प्रत्येकाच्या वेळी तो गाठ हाताने चाचपून बघत होता. हेल्मेट मात्र कुणालाच नव्हती. वरून दगड सुटतात अशा जागी हे मला पटलं नाही.

ओढा ओलांडताना त्याचं खरं काम दिसलं. सगळ्यांना समोरची अरुंद जागा सोयीची वाटत होती. तो मुद्दाम खाली, पात्र पसरट होतं तिथे घेऊन गेला, कारण अरुंद जागी पाणी खोल आणि जोरात असतं. सॅकचे छातीचे आणि कमरेचे पट्टे सोडायला लावले, म्हणजे पडलंच कुणी तर सॅक टाकून मोकळं होता येतं. तिघा-तिघांनी एकमेकांचे दंड धरून, तोंड प्रवाहाकडे करून, आडवं सरकत जायचं. आणि जाताना त्याने पाण्याच्या कडेला एक पांढरा गोटा ठेवला. परतताना तो गोटा बघितला, कोरडाच होता, म्हणजे पाणी वाढलं नव्हतं, मग पाण्याचा रंग बघितला. पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा वाहून यायला लागला तर वर पाऊस झालाय असं समजायचं आणि पात्रात पाय टाकायचा नाही, हे त्याने सांगितलं तेव्हा निम्मे लोक सेल्फीत होते.

धबधबा सुंदर आहे, त्यावर जास्त लिहीत नाही, फोटो सगळ्यांनी टाकलेत. धारेखाली कुणालाही जाऊ दिलं नाही. काहीजण फुरंगटले. पण धारेबरोबर दगडही येतात, आणि ती पडते तिथल्या फेसाळ पाण्यात हवा इतकी मिसळलेली असते की पोहणारालाही नीट तरंगता येत नाही, शिवाय भोवरा आत ओढतो. डोहाच्या उथळ काठाला बसायला परवानगी होती, तेवढं पुरे होतं. ठरलेल्या वेळी, एक वाजता, शिट्टी. "दहाच मिनिटं" म्हणणाऱ्यांना "उतरताना अंधार मीच बघणार ना" एवढंच उत्तर मिळालं.

दुसऱ्या लीडरबद्दल मात्र नाराजी आहे. त्याने सगळ्यांच्या शेवटी चालायचं होतं. तो रील काढत मधेच राहिला, आणि मागचे दोघं फाट्यावर भलत्याच वाटेला लागले. शिट्ट्या मारून परत बोलावले. शेवटचा माणूस हा शेवटीच हवा.

ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे त्यांनी उतारासाठी काठी न्यावी, माझी खूप कामाला आली. लहान मुलांना नेऊ नका. बुकिंग करताना दोनच प्रश्न विचारा: माणसं किती आणि लीडर किती? आणि पुढे तोच शांत मुलगा असणार का? मी पुन्हा जाईन, पण त्याची बॅच असेल तरच.