झुरळांसाठी जेल उत्तम, डासांसाठी धूर निरुपयोगी : सिडकोतील पेस्ट कंट्रोल सेवा

झुरळांच्या विष्ठेतील आणि टाकलेल्या कातेतील प्रथिने धुळीत मिसळून दमा बळावण्यास कारणीभूत ठरतात, आणि सासूबाईंना दम्याचा त्रास असल्यामुळे नाशिकच्या सिडकोतील आमच्या घरी फवारणीऐवजी जेल लावून घेतले. कामगाराने कपाटांच्या बिजागऱ्यांत आणि सिंकच्या पाइपाभोवती मोहरीएवढे ठिपके दिले. भांडी हलवावी लागली नाहीत, वासही आला नाही. आठवडाभरात झुरळे जवळजवळ दिसेनाशी झाली. डासांसाठी मात्र जिन्यात नुसता धूर सोडला आणि त्याचे पैसे वेगळे घेतले. गच्चीवरच्या उघड्या टाकीकडे कोणी पाहिलेही नाही. वास्तविक डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस पुरतात. जेलसाठी पुन्हा बोलावीन, धुरासाठी नाही.